निम्मं तुझ्याकडून

आई, तू गेलीस तेव्हा तुझ्या आजाराला नाव नव्हतं. आता ते मिळालंय, आणि तो आजार मलाही झालाय, म्हणून लिहायला बसले.

तुझी आठवण काढली की मला हडपसरच्या घरातला ओटाच दिसतो. मे महिन्याची सुट्टी आहे. तू शिकवतेस त्या शाळेतला मायक्रोस्कोप तू मुख्याध्यापिकाबाईंना विचारून घरी आणलायस आणि खिडकीतलं ऊन त्याच्या आरशावर कसं घ्यायचं ते मला दाखवतेयस. भाजीला घेतलेल्या कांद्याचा आतला पातळ पापुद्रा सोलून तू काचेवर पसरतेस, वर आयोडीनचा थेंब टाकतेस. मी डोळा लावते. विटांच्या भिंतीसारख्या ओळी दिसतात आणि प्रत्येक विटेत एक गडद ठिपका. ‘तो ठिपका म्हणजे केंद्रक,’ तू म्हणतेस, ‘त्याच्याभोवती पेशीद्रव्य, ते धरून ठेवणारं पटल, आणि ही झाडाची पेशी म्हणून बाहेरून भिंत. आपल्या पेशींना भिंत नसते.’ मी आकृती काढून दाखवली तर तू खोडरबर माझ्यापुढे सरकवलंस. ‘ही पुस्तकातली आहे. तुला दिसली ती कुठंय?’ मला रडू आलं, पण पुन्हा डोळा लावला. नंतर तू पोळ्या लाटत असताना मी विचारलं, डोळ्याच्या पेशीला डोळ्याचं काम करायला कोण सांगतं? तू म्हणालीस, ‘केंद्रकात लिहिलेलं असतं. प्रत्येक पेशीत सगळंच लिहिलेलं असतं, जिला जे लागेल तेवढं ती वाचते. तुझ्यातलं निम्मं माझ्याकडून आलंय, निम्मं बाबांकडून.’ मला ते इतकं आवडलं की आरशासमोर उभी राहून मी तुझे कान आणि तुझी हनुवटी शोधत बसले.

मी नववीत तुझ्याच वर्गात होते, तेव्हा ते सुरू झालं. काचपट्टीवर पातळ काच ठेवताना तुझा हात उडाला आणि काच फुटली. मुली हसल्या, तूही हसलीस. मग खडू हातातून निसटायला लागला, चालताना पाऊल भलतीकडे पडायला लागलं, खांदा आपोआप उडायचा. समोरच्या घरातले आजोबा एकदा फाटकातूनच म्हणाले, ‘काय बाई, हल्ली रस्ता पुरत नाही वाटतं.’ तू थांबलीस. ‘रस्ता पुरतो हो. बघणारे जास्त झालेत.’ घरात आल्यावर मात्र तू पर्सही न ठेवता तशीच खुर्चीत बसून राहिलीस. काही दिवसांनी पालकांच्या तक्रारी आल्या, की बाई पिऊन वर्गात येतात. मुख्याध्यापिकाबाईंनी बाबांना बोलावून घेतलं. ज्या बाईनं आयुष्यात कधी सोडासुद्धा प्यायला नाही, तिच्या नवऱ्याला ते ऐकून घ्यावं लागलं. तुझी शाळा तिथंच संपली.

डॉक्टर नसांचा आजार म्हणायचे, गोळ्या बदलायचे. एकाने विचारलं होतं, घरात आणखी कुणाला होतं का? तू म्हणालीस, वडील मी लहान असतानाच विहिरीत पडून गेले. तेव्हा कुणालाच पुढं काही विचारावंसं वाटलं नाही. बाबांची कंपनी बंद व्हायच्या बेतात होती आणि स्वारगेटपर्यंत जिकडे बघावं तिकडे कॉम्प्युटर क्लासच्या पाट्या लागल्या होत्या. मला जीवशास्त्र घ्यायचं होतं. बाबा म्हणाले, ‘लवकर नोकरी लागेल असं काहीतरी घे.’ मी घेतलं. हिंजवडीच्या कंपनीची बस धरण्याआधी मी तुला भरवायचे. घास गिळायला तुला इतका वेळ लागायचा की माझं अर्धं लक्ष घड्याळाकडे असायचं. शेवटी शेवटी तू मला ओळखायचीस की नाही, मला अजून माहीत नाही.

यंदा कीबोर्डवर माझी बोटं उडायला लागली. मीटिंगमध्ये शेजारच्या मुलाने विचारलं, ‘मॅम, आर यू ओके?’ मी हात मांडीखाली दाबून धरला. तपासणीनंतर डॉक्टरांनी सगळं शांतपणे समजावलं. केंद्रकातल्या एका जनुकात एक छोटासा तुकडा पुन्हा पुन्हा लिहिला गेलाय, त्यामुळे मेंदूतल्या पेशी एकेक करून मरतात. तो तुकडा आईकडून आलाय, मुलांकडे जाण्याची शक्यता निम्मी. औषधाने हातपाय थोडे शांत होतील, आजार थांबणार नाही. मी विचारलं, ‘म्हणजे जन्मापासून होतं?’ ते म्हणाले, ‘जन्माच्या आधीपासून.’ ओट्यापाशी आपण दोघी कांद्याच्या पेशी बघत होतो, तेव्हाही ते तुझ्यात होतं आणि माझ्यातही.

मला एक मुलगी आहे. तू तिला पाहिलं नाहीस. बारावीला आहे, आणि आपणहून जीवशास्त्र घेतलंय. काल तिने मला सरळ विचारलं, ‘तुला नेमकं काय झालंय?’ आणि तिच्याशी खोटं बोलायची ताकद माझ्यात उरली नव्हती. मी सगळं सांगितलं. तिची तपासणी अठरा वर्षं पूर्ण झाल्यावरच करता येईल, करायची की नाही हे तिनेच ठरवायचं, हेही सांगितलं. ती म्हणाली, ‘मला झालेला असेल तर माहीत करून घेऊन मी काय करू?’ मी तिचा हात धरला तर माझाच हात उडाला, आणि तिने तो दोन्ही हातांनी दाबून ठेवला, जसा मी तुझा ठेवायचे.

झोपायला जाताना ती दारात थांबली. ‘आई, तुला आजीचा राग येतो?’

मी नाही म्हणाले. ती दार लोटून गेली. तिला खरं तर तिच्या माझ्यावरच्या रागाबद्दल विचारायचं होतं, ते मला ती गेल्यावर समजलं.

तुला काही माहीत नव्हतं, माहीत असतं तरी काही करता आलं नसतं, हे मला पुरतं कळतं. तरी येतो, आई. फार राग येतो.