चौकटीवरची खूण

आईला लेकीचा एका हाताने नमस्कार. दुसरा प्लॅस्टरमध्ये आहे.

घाबरू नकोस, मनगटच मोडलंय. कामावर लाँड्रीत ओली चादर मी आणि सोबतची मुलगी दोन टोकांना धरून झटकतो, तेवढ्या झटक्याने! समोरची बिचारी रडायलाच लागली.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, लहानपणी काही मोठं दुखणं? 'कुणाला सांगू नकोस, स्थळं येणार नाहीत,' हे तुझं वाक्य मला तोंडपाठ. 'काही नाही' म्हणाले. त्या एक्स-रेकडे बघत म्हणाल्या, "अगं, ही हाडं सत्तरीतल्या बाईची आहेत." मग कॅन्सरचं सांगावंच लागलं. तेव्हाच्या औषधांनी जीव वाचला, पण हाडं पोखरली, म्हणे. मणकेही दबलेत. गोळ्या दिल्यात, घेतेय.

बाबांचा गुडघा कसा आहे? त्यांना एवढ्यात काही बोलू नकोस.

दुखण्यातून उठल्यावर तू दर वाढदिवसाला मला दाराशी उभी करून चौकटीवर खूण करायचीस. एक बोट वाढले तरी घर डोक्यावर घ्यायचीस.

इथे माझी उंची मोजली. दोन बोटं कमी भरले.

सुट्टीत आले की मला त्या चौकटीपाशी उभी करू नकोस, आई.

तुझीच,
नकटी