भिंतीतलं मीठ

प्रिय आत्याबाई,

मेलेल्या माणसाला पत्र लिहितं का कुणी? पण सकाळपासून काही सुचंना. इंदापूरकडच्या ह्या नव्या घरात, माठामागच्या भिंतीवर पांढरं दिसलं. बोट फिरवून जिभेला लावलं. खारट! सासूला सांगितल्याबिगर सून गप कशी बसंल?

आठवतंय का, नीरेकाठच्या वस्तीवर मी सारवलेली जमीन चार-चार दिवस वाळायची न्हाय? हिला माहेरी सारवायलाच शिकवलं न्हाय, असं तुमी अख्ख्या वस्तीला ऐकवलंत. चुलीपुढं बसून रडले मी. त्याचा राग अजून हाय बरं का.

मग एकदा पदर खोचून तुमीच सारवायला बसलात. आठ दिवस झाले, तुमची जमीन बी ओलीच! तुमी भिंत खरवडून चाखलीत आन् जेवणाऱ्या बापलेकांपुढं जाऊन उभ्या राहिलात.

"उसाच्या पाण्यानं जमिनीतलं मीठ घरात चढलंय. उसाचं पाणी कमी करा, न्हायतर वस्ती उठंल."

मामंजी हसले. तुमच्या लेकानं तर तुमालाच येड्यात काढलं. लोक पाण्यासाठी तरसत्यात आन् आपण आलेलं पाणी सोडायचं का, म्हणाले. मी खाली मान घालून भाकरी वाढत राहिले. मला सगळं पटलं होतं, आत्याबाई. तुमच्या बाजूनं एक शब्द बोलले असते तर?

पुढं रान पांढरं पडलं, विहिरीचं पाणी तोंडात धरवंना, भिंती फुगून खचल्या. अकरा घरं एकेक करून उठली, आपलं शेवटचं. ट्रॅक्टरमधी बसताना तुमी माझा हात धरलात. "पोरी, तुझं सारवण चांगलं होतं." इतक्या उशिरा सांगायचं व्हय?

हितं माळावर येऊनबी ह्यांनी घराला लागून ऊसच लावला, आन् पाणी तसंच भरून. उद्या आपली पाण्याची पाळी हाय. सरीसरीत पाणी वळवायला, दारं धरायला दोघं लागत्यात, त्यातली एक मी.

मी जाणार न्हाय. आज ताटात भाकरी पडायच्या आधी ह्यांच्या हातावर भिंतीचा चुरा ठेवते, चाखा म्हणते. खारं पाणी निचरून जायला रानाच्या कडंनं चर खांदल्याबिगर पाण्याला हात लावणार न्हाय. चिडले तर चिडू द्या. त्या दिवशी गिळलेला शब्द आज बोलणार, आत्याबाई. हे घर उठू देणार न्हाय.

तुमची, नीट सारवणारी सून,
शोभा