नेदर थिसलकोटच्या पायवाटेसंबंधी माझी अंतिम इच्छा

मी, निशिकांत रघुनाथ खांबेटे, वय वर्षे चौपन्न, राहणार बुकित बातोक, सिंगापूर, नववा मजला, लिफ्टकडून तिसरे दार, हे मृत्युपत्र स्वतःच्या अक्षरात, स्वतःच्या अकलेने आणि सकाळचा चहा झाल्यावर लिहीत आहे. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. पत्नीचा आहे, पण तो हे लिहू नये असा आहे. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. डॉक्टर म्हणाले, असा दाखला आजवर कोणी मागितला नव्हता. मी म्हटले, म्हणूनच लोकांची मृत्युपत्रे कोर्टात पडतात. यापूर्वीची माझी तिन्ही मृत्युपत्रे रद्द समजावीत.

कलम १. राहता फ्लॅट माझ्या व पत्नी सौ. शुभदा हिच्या संयुक्त नावावर असल्याने तो माझ्या पश्चात आपोआप तिचा होतो. सीपीएफचे, म्हणजे इथल्या भविष्यनिर्वाह निधीचे, नामांकन वेगळे भरलेले आहे. म्हणजे ज्या दोन गोष्टींना बाजारात किंमत आहे, त्या या कागदावर येतच नाहीत. वाचणाऱ्याने निराश होऊ नये. खरी मालमत्ता पुढे आहे.

कलम २. बँकेतील शिल्लक शुभदा व मुलगी चि. कादंबरी यांनी अर्धी अर्धी घ्यावी. वाद घालू नये. घातल्यास कादंबरीने मराठीत घालावा.

कलम ३. घरातील बॉम्ब शेल्टर, म्हणजे युद्धकाळासाठी बांधून दिलेली ती काँक्रीटची खोली, जिथे इतर लोक तांदूळ आणि व्हॅक्यूम क्लीनर ठेवतात, तिथे डाव्या हाताला एक लाकडी पेटी आहे. तीत इंग्लंडमधील नेदर थिसलकोट या गावच्या चर्चचे मासिक, जानेवारी १९४६ ते डिसेंबर १९७९, असे ४०७ अंक आहेत. हिशेबाने ४०८ हवेत. जुलै १९६२चा अंक शुभदाने २००९च्या दिवाळीत चकल्या निथळायला घेतला. तिला मी माफ केले आहे, आणि ते इथे लेखी देत आहे.

ही पेटी माझ्याकडे कशी आली, तेही नोंदवतो. सन २००० मध्ये मी इथे एका वित्तसंस्थेत डेटा एंट्रीला लागलो, तेव्हा माझे इंग्रजी सहीपुरते होते. ऑफिसातले एक इंग्रज साहेब काँडोतले घर सोडून मायदेशी निघाले. त्यांच्या दिवंगत आईची ही पेटी ते कचऱ्यात टाकणार होते. मी मागून घेतली आणि शब्दकोश घेऊन रोज एक अंक वाचला. क्लास नाही, मास्तर नाही. एकदा ऑफिसचा सर्व्हर बंद पडला तेव्हा मी मासिकातल्याच इंग्रजीत सर्व शाखांना कळवले की हवामान प्रतिकूल झाल्याने कार्यक्रम पुढे ढकलण्यात आला असून भगिनीवर्गाने चहाची व्यवस्था केली आहे. साहेब हसले, पण पुढल्या वर्षी पत्रव्यवहाराचे टेबल मलाच दिले. आज तिथे मी उपव्यवस्थापक आहे.

त्या गावाला मी कधी गेलेलो नाही. तरी तिथला शाळेचा नळ कोणत्या हिवाळ्यात फुटला, चर्चच्या घंटेचा दोर कोणी दान केला, १९५८च्या, आपल्या लिंबूचमच्यासारख्या, अंडेचमचा शर्यतीत डोरा पिन या बाईने अंडे जॅमने कसे चिकटवले, हे मला पाठ आहे. शुभदा म्हणते, समोरच्या दारातल्या आजींचे नाव विचारले तर तुम्हाला सांगता येणार नाही. खरे आहे. त्यांचे मासिक निघत नाही.

कलम ४. सार्वजनिक बागेतील माझ्या वाफ्याचे खुरपे, झारी व दुधी तोलायचा काटा यिशुन भागातले मित्र श्री. प्रबोध यांना द्यावा. या काट्यावर मी २०२२ साली सहा किलो दोनशे ग्रॅमचा दुधी तोलला व त्याचा फोटो थिसलकोटच्या वार्षिक भाजी प्रदर्शनास पाठवला. तिथला पहिला नंबर मॅरो नावाच्या तिकडच्या पाच किलो आठशेच्या भोपळ्याचा होता. गावच्या इतिहास मंडळाचे अध्यक्ष मिस्टर जेरल्ड ब्लेंकिन यांनी उत्तर दिले की दुधी त्या भाजीत मोडत नाही आणि बुकित बातोक त्या गावात मोडत नाही. पहिला मुद्दा मला मान्य आहे.

कलम ५. याच ब्लेंकिन यांनी गावच्या इतिहासाची पुस्तिका काढली. तीत एकतीस चुका आहेत. मी पृष्ठवार यादी पाठवली व मंडळाचे सभासदत्व मागितले. ‘गावात न राहिलेल्यास सभासद होता येत नाही,’ एवढीच ओळ आली. ते स्वतः २००४ साली तिथे राहायला आले आहेत.

गेल्या डिसेंबरात गावच्या सभागृहातला पाइप फुटून त्यांच्याकडचे सगळे अंक लगदा झाले. त्याआधीच चर्चपासून तळ्यापर्यंतची साडेतीनशे यार्डांची पायवाट मधल्या शेताच्या नव्या मालकाने फाटक घालून बंद केली होती. वाट पूर्वापार सर्वांची आहे, हे गावाला येत्या १९ मार्चच्या सुनावणीत सिद्ध करायचे आहे. मासिकात त्या वाटेचा उल्लेख २१९ वेळा आहे. मालकाच्या वकिलाचा फोटोप्रतींवर विश्वास नाही. अस्सल अंकांचा, चकल्यांचा एक अंक सोडता, संपूर्ण संच आता पृथ्वीवर एकच, माझ्या शेल्टरमध्ये. ब्लेंकिन यांचे विनंतीपत्र आले. मी उत्तर दिले नाही.

तरी मी कोत्या मनाचा नाही. माझ्या पश्चात ही पेटी नेदर थिसलकोट गावास द्यावी. अटी तीन: मला मरणोत्तर सभासद करावे, एकतीस चुकांची यादी ब्लेंकिन यांनी सभागृहात उभे राहून वाचावी, आणि वाचताना त्यांना चहा देऊ नये.

इथवर लिहून शुभदाला वाचायला दिले. तिने चष्मा काढला.

‘‘सुनावणी कधी आहे म्हणालात?’’

‘‘एकोणीस मार्च.’’

‘‘आणि पेटी तुमच्या पश्चात. म्हणजे अठरापर्यंत तुम्हाला जायला हवं.’’

मी म्हटले, तेवढेही पुरणार नाही, कोर्टाकडून मृत्युपत्र मंजूर व्हायला काही महिने लागतात. म्हणजे खरे तर गेल्या सप्टेंबरातच जायला हवे होते. कादंबरी मोबाइलवरून मान न उचलता इथल्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, ‘‘बाबा, जस्ट पोस्ट इट ला.’’ मी तिला समजावले की प्रश्न टपालाचा नसून मानाचा आहे. माझ्या आयुष्यात मला कोणी कुठे सभासद करून घेतले नाही. डिग्री नाही म्हणून इथल्या दोन मंडळांनी मला व्याख्यान द्यायला बोलावले नाही. आता एक गाव माझ्या दाराशी आले आहे, तर मी त्याला जरा ताटकळत ठेवणार.

शुभदाने चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग म्हणाली, ‘‘तुम्हाला इंग्रजी कुणी शिकवलं हो? ब्लेंकिननं?’’

‘‘नाही. गावानं.’’

‘‘मग गुरूला कुणी अटी घालतं का?’’

खाडाखोड केलेले मृत्युपत्र संशयास्पद ठरते, म्हणून कलम ५ न खोडता पुढे लिहितो.

कलम ६. कलम ५ मधील तिन्ही अटी मागे घेतल्या आहेत. चहा द्यावा. पेटी आता माझ्या मालमत्तेत नाही, गावाची आहे, आणि ती मी स्वतः घेऊन १४ मार्चच्या विमानाने निघत आहे. मंडळाच्या चिटणीस मिस मॉरीन टॅप यांना तसे कळवले. त्यांचे उत्तर आले की अध्यक्षांसकट सगळे आनंदले आहेत. गावात मासिकाचा प्रत्येक अंक वाचलेला एकही माणूस उरला नसल्याने साक्ष मीच द्यावी. मात्र ‘तुम्ही स्वतः त्या वाटेने चालला आहात का?’ हा प्रश्न येईल, त्याची तयारी ठेवावी. खाली ताजा कलम म्हणून लिहिले होते की सभागृहाकडे रस्त्याने यावे, वाटेने येऊ नये. मालकाने त्या वाटेवर क्लॅरेन्स नावाचा बैल सोडला आहे.

कलम ७. मी खोटी साक्ष देत नाही. सबब, १८ मार्च रोजी सकाळी दहा वाजता, पेटी मिस टॅप यांच्या स्वाधीन करून पावती घेतल्यावर, मी चर्चपासून तळ्यापर्यंत चालणार आहे. तिथला नियम मी वाचला आहे: सार्वजनिक वाटेच्या शेतात एकटा बैल सोडता येत नाही. वाट सार्वजनिक ठरली तर बैल बेकायदा. खासगी ठरली तर मी बेकायदा. सुनावणी दुसऱ्या दिवशी सुरू होईल, त्यामुळे अठरा तारखेला आम्हा दोघांचीही कायदेशीर स्थिती अनिश्चित राहील. ऑगस्ट १९४९च्या अंकात असाच एक बैल गायकवृंदातील बायकांनी छत्र्या उघडून परतवल्याची नोंद आहे. शुभदाने छत्री बॅगेत भरली आहे. कादंबरी म्हणाली, ‘‘बाबा, डोन्ट रन, ओके?’’ आणि मग, न सांगता, मराठीत, ‘‘पळू नकोस.’’

कलम ८. मी परतलो नाही, तर कोणीही ब्लेंकिन यांना, मालकाला वा क्लॅरेन्सला दोष देऊ नये. माझी एकच विनंती सुनावणीपुढे ठेवावी: सदर पायवाटेचा सार्वजनिक वापर दिनांक १८ मार्च २०२६ रोजी, निदान काही अंतरापर्यंत, झाला होता, याची नोंद घ्यावी; आणि ते अंतर यार्डांत मोजून लिहावे.

हे सर्व मी वाचून, समजून, दोन साक्षीदारांच्या देखत सही केली. दोघेही एकाच वेळी, एकाच टेबलाशी हजर होते. दोघांनाही या मृत्युपत्रातून काहीही मिळत नाही, हे दोघांना आधी सांगितले होते.

(सही) निशिकांत रघुनाथ खांबेटे

साक्षीदार १: धवल सामंत, राहणार पासिर रिस. (सही)
साक्षीदार २: अनघा देवस्थळी, राहणार बुकित बातोक, सातवा मजला. (सही)

स्थळ: बुकित बातोक, सिंगापूर
दिनांक: १ मार्च २०२६, सकाळी अकरा वाजून वीस मिनिटे