झरीच्या बोअरिंगचे पाणी

मी, जिवली काकड्या धोदडे, वय ७२, आशागडच्या एका दवाखान्यातून निवृत्त झालेली आया, राहणार झरी, ता. तलासरी, जि. पालघर, हे मृत्युपत्र कोणाच्या दबावाखाली न येता, स्वतःच्या हाताने लिहून ठेवत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. आमच्या चर्चच्या मंडळीतल्या काही जणांना त्याबद्दल शंका आहे, म्हणून डहाणूच्या डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. मला मूलबाळ नाही. पती काकड्या अकरा वर्षांपूर्वी वारले. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही.

१. माझे कौलारू घर, शिलाई मशीन आणि पोस्टातली शिल्लक मी माझी पुतणी दक्षा हिला देते. दक्षा ही माझी थोरली जाऊ शुक्री हिची मुलगी. त्या घरचे लोक देवळात जातात, आम्ही चर्चमध्ये. "ख्रिस्ती घर बाहेर कशाला देतेस," असे मला दोघातिघांनी विचारले. घर मी बाहेर देत नाही. माझ्या दुखण्यात मला आंघोळ घालणारी तीच होती.

२. चर्च जिच्यावर उभे आहे ती आठ गुंठे जमीन. पतीने ती चर्चला वापरायला दिली होती, पण तोंडी. सातबाऱ्यावर आज माझे नाव आहे. चर्चचे बोअरिंग याच जमिनीत आहे.

ही जमीन मी कोणाला देते ते लिहिण्याआधी घडले ते लिहिणे भाग आहे.

मे २०२३ मध्ये पाड्यातल्या दोन्ही विहिरी आटल्या. आमच्या बोअरिंगला पाणी होते. बाहेरच्यांनी उपसले तर आपल्याला उरणार नाही, असे चर्चच्या कमिटीत ठरले आणि बोअरिंगच्या फाटकाला कुलूप लागले. त्या ठरावावर माझी सही आहे. किल्ली माझ्याच कमरेला असायची.

एका सकाळी शुक्री दोन हंडे घेऊन आली. ती म्हणाली, "जिवले, दोनच हंडे दे. हे पाणी तुझ्या नवऱ्याच्या जमिनीतलं आहे."

मी म्हणाले, "कमिटीचा नियम आहे, बाय."

ती वळली आणि ओहोळाकडे गेली. तिथल्या डबक्यातून पाणी भरून चढताना घसरली. खुब्याचे हाड मोडले. तेव्हापासून ती चालत नाही. सव्वीस वर्षे मी दवाखान्यात परक्यांच्या जखमा धुतल्या, आणि घरच्या माणसाला ही जखम केली. ती माझी चूक आहे. कमिटीची नंतर, माझी आधी.

पुढच्याच आठवड्यात चर्चमध्ये तीन दिवस सभा झाल्या. वापीहून आलेल्या प्रचारकाने भिंतीवर मोठा रंगीत तक्ता लावला आणि भविष्यवाणीतले श्वापद म्हणजे कुठला देश, शिंग म्हणजे कुठला पुढारी, हे काठीने दाखवले. लोक खूश होते. तक्त्यात झरी कुठेच नव्हते.

तिसऱ्या दिवशी साक्ष द्यायला मी उभी राहिले. बायबलातल्या आमोस संदेष्ट्याची गोष्ट सांगितली. तो गुरे राखणारा, उंबराची फळे काढणारा माणूस. तो आधी शेजारच्या देशांची पापे सांगतो. मी एकेक नाव घेतले, दिमिष्क, गज्जा, सोर, अदोम, आणि प्रत्येक नावाला लोक आमेन म्हणाले. मग तो स्वतःच्या लोकांकडे वळतो, तशी मीही वळले. म्हणाले, "आता झरी. तहानलेल्या बाईला आपण फाटकावरून परत पाठवलं. कुलूप मी लावलं होतं."

त्याला कोणी आमेन म्हटले नाही.

सभेतून उठून मी फाटक उघडले आणि किल्ली बोअरिंगच्या खड्ड्यात टाकली. महिनाभराने कमिटीचे सेक्रेटरी मनिष यांनी पत्र आणून दिले. शिस्तभंगाबद्दल माझा प्रभुभोजनाचा हक्क काढला होता, आणि माफीनामा दिला नाही तर कबरस्तानात जागा मिळणार नव्हती. माफीनामा मी दिलेला नाही. देणारही नाही.

माफी मागायला मी शुक्रीकडे गेले. ती खाटेवरून म्हणाली, "माफी राहू दे. पाणी रोज लागतं."

म्हणून ही आठ गुंठे जमीन मी शुक्री आणि दक्षा यांना देते. चर्च आहे तिथेच राहावे, भाडे मागू नये. पाणी मात्र जो हंडा घेऊन येईल त्याचे. तो कोणत्या देवाला हात जोडतो, हे विचारू नये. याविरुद्ध कोर्टात जायचे असेल त्यांनी जावे. सातबारा दक्षाकडे आहे.

३. तो रंगीत तक्ता प्रचारक विसरून गेला. तो मी कमिटीला परत देते. त्याच्या कोऱ्या पाठीवर मी अकरा प्रश्न लिहिले आहेत. दुसरा असा: कुलूप लावा, असे कमिटीत सगळ्यांत आधी कोण म्हणाले? त्यांची उत्तरे दुसऱ्या देशात सापडणार नाहीत.

४. मी मरेपर्यंत ख्रिस्ती आहे. पत्राने ते बदलत नाही. माझ्यासाठी कबरस्तानात जागा मागू नये. कबरस्तान होण्याआधी वारलेल्या काकड्याला घरामागच्या वाडीत पुरले आहे, त्याच्या शेजारी मला पुरावे. प्रार्थना ज्याला येते त्याने करावी. जगाच्या शेवटावर तिथे कोणी भाषण करू नये. बोलायचेच असेल, तर आपण कोणाला पाणी नाकारले ते सांगावे. सांगण्यासारखे काही नसेल, तर गप्प राहून माती टाकावी.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी वेवजीच्या निवृत्त शिक्षिका जयश्री वरठा यांनी करावी.

जिवली काकड्या धोदडे (सही)

आमच्यासमक्ष सही केली, आम्ही तिच्यासमक्ष:
१. जयश्री वरठा, वेवजी (सही)
२. मनिष दुमाडा, झरी, सेक्रेटरी (सही). वाचून सही केली. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर माझ्याकडे आहे. ते मी रविवारी मंडळीत उभा राहून देईन.

ठिकाण: तलासरी
दिनांक: १८ नोव्हेंबर २०२५