जाहिरातीतला फोन

मंगळवार, बिबवेवाडी

शेवटी टीव्हीला ती इंटरनेटची स्टिक लावली. केबल ठेवलीय, आईनं तेवढं आधीच वदवून घेतलं होतं. नवा रिमोट हातात पडताच तिनं त्याला प्लॅस्टिकची पिशवी घालून रबरबँड लावला. दुपारी तिची मालिका ॲपवर लावून दिली. संध्याकाळचा भाग दुपारीच, वर एकही जाहिरात नाही. वाटलं, खूश होईल.

संध्याकाळी खडकवासल्याहून मावशीचा फोन. तिच्याकडे केबलवर मालिकेत जाहिराती लागल्या की ती रोजच करते.

"काय गं, सून घर सोडेल का?"

आईनं दुपारीच सगळं पाहिलेलं. तरी म्हणाली, "कुणास ठाऊक! बघू."

आई आणि खोटं बोलली? तेही मावशीशी?

फोन ठेवून तिनं पिशवीतला रिमोट माझ्यापुढे धरला. "हा तुझा तू ठेव. मला केबल लावून दे."

मी चिडलोच. "अगं, यात जाहिराती नाहीत म्हणून तर लावलं!"

"मग आम्ही बोलायचं कधी?"

मी केबल लावून दिली. साबणाची जाहिरात अजून चालू होती. आईनं टीव्हीचा आवाज बंद केला आणि मावशीला परत फोन लावला.