घरात माणसं चार

कुंडाचा पाडा, दाभोशाजवळ
दि. २४ मे २०२६

कमलेशदादांना रघुचा नमस्कार.

आईंचे गुडघे आता कसे आहेत? इकडे तुमची भाची टीना बरी आहे, पाचवीत गेली. माझी आई तशीच, दिवसभर बडबडत असते.

शाळेला सुट्टी लागली तरी मला नाही. जनगणनेसाठी घरं मोजायचं काम आलं आहे. पाड्यावर सदतीस घरं, त्यांतल्या नऊ घरांना कुलूप. माणसं वसईकडे वीटभट्टीवर गेली ती अजून परतली नाहीत. ओढ्यापलीकडे दादरा-नगर हवेली लागते, म्हणून तिकडची चार घरं माझ्याकडे नाहीत. विहीर मात्र सगळ्यांची एकच. खाली रेंज नाही. नोंदी पाठवायला टेकडीवर चढलो की आधी पलीकडच्या टॉवरवरून गुजरातमध्ये स्वागत असल्याचा मेसेज येतो. सारखा चढतो, उतरतो. बसवत नाही.

ढवळूबाबांचं घर अलीकडे आणि गोठा पलीकडे. मला म्हणाले, "गुरुजी, बैल तिकडं बांधलेत. त्यांला कोण मोजील?"

"बैल मोजत नाहीत, बाबा."

"मग त्यांचं बरं हाय. कोणी इचारीत नाय, कुठला तू."

आमचं घर मी शेवटी ठेवलं होतं. दोनदा दारावरून पुढे गेलो. काल आईला नियमाप्रमाणे विचारलं, घरात माणसं किती?

"चार."

"तीन, आई."

"वर्षा गेली, पण तिचा दिवस घातलास का? नाय ना? मग ती घरातच हाय. चार लिव."

पुढे, घरात राहणारी विवाहित जोडपी किती, असा प्रश्न होता. मी माणसं चार लिहिली आणि जोडपं एक. चूक आहे हे मला कळतं. अजून दुरुस्त केली नाही.

आपल्यात माहेरचा माणूस आल्याशिवाय गेलेल्या बाईचा दिवस घालत नाहीत, आणि तोवर ती घरातून सुटत नाही. तीन महिने झाले, मी तुम्हाला बोलावलं नाही. आईला सांगतो, दादांना कंपनीत सुट्टी नाही. खरं म्हणजे तुम्ही आलात तर तुमच्यासमोर बसावं लागेल.

त्या दुपारी वर्षाच्या पोटात दुखायला लागलं म्हणून मी गाडीसाठी फोन करायला टेकडीवर गेलो, तेवढ्यात तुमचाच फोन आला. तुम्ही म्हणालात, टेम्पो ओढ्यापर्यंत आणतो, खानवेलचा दवाखाना जवळ पडेल. मी म्हणालो, इकडची गाडी निघाली आहे. ती निघाली नव्हती. मी अजून कोणाला फोनच केला नव्हता. दिवाळीत तुम्ही चारचौघांत म्हणाला होतात, "गुरुजी झालास, पण बायकोला अजून बिनरस्त्याच्या पाड्यात ठेवलंस." ते डोक्यात होतं. तुमच्या टेम्पोतून तिला न्यायची नव्हती.

खाली आलो तर वर्षाने विचारलं, "दादा येतोय का?" मी म्हटलं, फोन लागला नाही.

गाडी यायला तीन तास लागले. जव्हारच्या वाटेवर ती गेली. गाडी मध्येच बंद पडली असं मी तुम्हाला सांगितलं. गाडी कुठेही बंद पडली नव्हती.

फोनवर मी पुन्हा खोटं बोलेन, म्हणून लिहिलं. ढवळूबाबा हे तुमच्या हातात देतील. आईंनाही वाचून दाखवा, एकही ओळ गाळू नका.

आणि येत्या रविवारी या. मला जे बोलायचं ते अंगणात, सगळ्यांसमोर बोला. मी उठून जाणार नाही. माझ्यासाठी येऊ नका, तिचा दिवस घालायला या.

वर्षाला अडवून ठेवणारा,
रघु