साहेबांनी जिंकायचे खेळ

धुळे, ३ जानेवारी १९५५
साहेबांच्या बंगल्यावर संक्रांतीची पार्टी. बाईसाहेबांचा निरोप : पत्ते नकोत, नवीन खेळ काढा. मी कारकून की जत्रेतला खेळवाला? पण जळगावच्या कचेरीत एक जागा रिकामी होतेय. बायको सुमन तिथेच शाळेत मास्तरीण, लेक बेबी तिच्याजवळ. बदलीवर सही साहेबांची. काढतो खेळ.

७ जाने.
काढला. बारा पुरचुंड्या. डोळे बांधून वास घ्यायचा, आत काय ते सांगायचं. हिंग, ओवा, मेथी, सुंठ वगैरे. शेजाऱ्यांना बसवून पाहिलं. बायका दहा ओळखतात, पुरुष तीन. म्हणजे साहेब हरणार. मग झाली माझी बदली.

९ जाने.
दुरुस्ती. मेथी, सुंठ, ओवा बाहेर. सीलची लाख, शाईची पूड, तंबाखू, बूटपॉलिश आत. साहेबांचा जन्म याच वासांत गेला. खेळाची माती झाली, पण इलाज नाही.

१५ जाने.
साहेब अकरा! टाळ्या. पाठीवर थाप, "सोनवणे, डोकं आहे हो तुम्हाला." तिथेच अर्ज पुढे केला. "बघू."

२ फेब्रु.
जळगावच्या त्या जागेवर शेजारच्या टेबलावरचा वाघ गेला. एका पत्रात चार चुका करणारा वाघ. हेडक्लार्क नाना चहा ओतता ओतता म्हणाले, "भाऊ, त्याना काहीच उपेग नही, म्हनीसन त्याले धाडं. तू कामना माणूस शे. तुले कोन सोडी?" म्हणजे निकामी सुटतो, कामाचा अडकतो.
सुमनला पत्र लिहायला घेतलं. ठेवलं तसंच.

२० फेब्रु.
तिचंच आलं. बेबीला गोवर येऊन गेला. "तुम्ही काळजी कराल म्हणून कळवलं नाही." काळजी करायलासुद्धा मी नको. फार लागलं मनाला.
जूनमध्ये तिथे आणखी एक जागा होतेय म्हणे. आता निकामी व्हायचं. होळीच्या पार्टीत साहेबांची अशी फजिती करतो की स्वतःच हाकलतील.

५ मार्च
नवा खेळ. प्रत्येकाच्या पाठीवर चिठ्ठी टाचायची. आपण कोण ते प्रश्न विचारून ओळखायचं. साहेबांच्या पाठीला 'कारकून'. सात जन्मांत ओळखणार नाहीत.

९ मार्च
बरोबर तसंच झालं. "मी मोठा आहे का?" नाही. "माझं कोणी ऐकतं का?" नाही. "मी रागावतो का?" नाही. लोक पोट धरून हसतात, साहेबांचे कान लाल. मी भिंतीशी उभा. आणखी एक मिनिट गप्प राहिलो असतो तर...
साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. "सोनवणे, काही खूण?"
आणि मी म्हणालो, "आपण हाक मारली की 'आलो साहेब' म्हणतो तो."
"कारकून!" टाळ्या. जीभ हासडून टाकावीशी वाटली.
जाताना बाईसाहेब, "जूनमध्ये माहेरची माणसं यायचीत. तेव्हाही तुम्हीच बघा हं."
हो म्हणालो. जळगावचा दुसरा अर्ज लिहिलेला आहे, अजून कोटाच्या खिशातच.